एकच शब्द उरला तेव्हा

हल शहर, तिसरा मजला, खाट सहावी.
क्लिफर्ड स्टॅनिफोर्थ,
बेअरिंगच्या कारखान्यात एकेचाळीस वर्षं
पोलादी छर्रे दिव्याखाली फिरवून तपासणारा.
झटका आला मंगळवारी, चहा ओतताना.
शब्द सगळे सांडले.
तळाशी एक राहिला :
बॉल.

ओर्ला रोज अकराला येते, चित्रांचे पत्ते घेऊन.
घर.
बॉल.
कुत्रा.
बॉल.
पाचव्या पत्त्यावर खरोखरच तांबडा चेंडू होता.
तिथे मात्र तो गप्प झाला.
बघत राहिला,
आपलं नाव परक्याच्या पाकिटावर दिसावं तसा.

ओर्लाने वहीत लिहिलं : शब्द एक. अर्थ नाही.

मी शेजारच्या खाटेची चादर बदलत होते.
अर्थ नाही कसा?
माझ्या भाषेत या एवढ्याशा शब्दाला
अख्खी आळी लागते राहायला :
खेळायचा तो चेंडू,
लोकरीचा गुंडा,
तोफेतला गोळा,
परातीतला कणकेचा उंडा,
डोळ्यातलं बुबुळ,
आणि फळीवरचा डबा काढताना
माणूस ज्याच्यावर उंच होतो
तो पायाचा चवडा.
एकमेकांकडे साखर मागायलाही न गेलेले शेजारी.
क्लिफर्डच्या तोंडात ते सगळे
एका ताटात जेवतात.

मग मी ओळखायला शिकले.
रात्री दोनला, तळपाय मुठीत धरून, दात खात : बॉल.
मी चवडा चोळून दिला.
पहाटे पापणी खाली ओढून : बॉल.
थेंब घातले.
दुपारी खिडकीतून, कारण नसताना, हळू : बॉल.
बाहेर पाहिलं तर नदीच्या मुखावर सूर्य,
धुक्यामुळे नुसत्या डोळ्यांनी बघण्याजोगा.

शुक्रवारी मोठे डॉक्टर आले, मागे सहा विद्यार्थी.
म्हणाले, छान प्रगती आहे,
नाताळपर्यंत गप्पा मारू लागाल.
क्लिफर्डने त्यांच्याकडे नीट पाहिलं
आणि स्वच्छ, ठणठणीत आवाजात म्हणाला :
बॉल्स!
एका विद्यार्थिनीला ठसका लागला.
(आमच्याकडे याला कुणी फुलं वाहत नाही,
पण छाती म्हणतो आम्ही, गुर्दा म्हणतो,
अवयव जरा वर सरकवून घेतो.)
ओर्लाने वहीत लिहिलं : अनेकवचन साधलं.

म्युरिएल रोज तीनला. दोन बस बदलून.
तिने सांगितलं मला, सुया चालू ठेवूनच,
कारखान्याच्या कँटीनमध्ये टेबलं भिंतीला लावून
वर्षातून एकदा नाच व्हायचा.
त्यालाही बॉलच म्हणायचे, थाटात,
निमंत्रणपत्रिका छापून.
पहिल्याच गिरकीला ती घसरून पडली.
जमिनीवर छर्रे होते, कुणाच्या तरी खिशातून सांडलेले.
सगळे हसले.
हा अनोळखी मुलगा गुडघ्यांवर बसला,
एकेक छर्रा वेचला,
प्रत्येक दिव्यासमोर धरला, सवयीने,
दोन नापास केले,
बाकीचे रुमालात बांधून
मग हात पुढे केला.

"बॉल," क्लिफर्ड म्हणाला.
"हो, तोच," ती म्हणाली. "निळा झगा होता माझा."
"बॉल."
"निळाच होता. वाद घालू नकोस."

आज त्याच्या दोन्ही हातांवर लोकरीची लड चढवून
ती गुंडा करत होती.
उजवा हात उचलत नाही,
त्याच्याखाली तिने उशी दिली होती.
निम्म्यावर आला आणि सुटला गुंडा.
खाटेखालून गेला, औषधांच्या गाडीखालून,
वॉर्डच्या पार टोकाला,
पिवळी रेघ ओढत.

तो बोलला नाही.
हात मात्र तसेच धरून होता,
डावा वर, उजवा उशीवर,
लड सुटू न देता.

म्युरिएल उठली, गुडघा धरून.
मी म्हटलं, बसा, मी आणते.
नको, म्हणाली, मला माहीत आहे कुठे गेलाय.
आणि ओर्ला दारातून आत आली,
हातात उद्याचे पत्ते,
खाली पाहिलं,
आणि पाय उचलून ओलांडली तिने
ती रेघ.